कॅमेऱ्यातली वाकडी रेघ

तिसऱ्या कॅमेऱ्यातही रेघ वाकली.

मी कॅमेरा डोळ्यापासून दूर केला, पदराने काच पुसली, पुन्हा डोळ्याला लावला. समोरच्या भिंतीवर मी घरून आणलेला आलेखाचा कागद चिकटपट्टीने लावला होता. मिलिमीटरच्या बारीक चौकटी, दर सेंटिमीटरला एक जाड रेघ. कागदाच्या कडेच्या रेघा सरळ होत्या. मधल्या चार-पाच मात्र आत ओढल्यासारख्या दिसत होत्या. कागद ओला होऊन तेवढ्याच जागी आकसावा, तशा.

"यातही तेच आहे," मी म्हटलं.

दुकानाचे मालक ठवकर काउंटरच्या पलीकडून माझ्याकडे पाहत होते. त्यांच्यासमोर तीन डबे उघडे पडले होते.

"मॅडम, लग्नाचे फोटोग्राफरसुद्धा एवढं पाहत नाहीत," ते म्हणाले. "ते एकच विचारतात, फ्लॅश किती दूर जाते."

"तुम्ही हिला ओळखत नाही, ठवकर," माझी नणंद कुमुदताई स्टुलावरून म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी आमच्याकडून पत्रिका गेली, तर हिने उलट निरोप पाठवला, मुलाचा रक्तगट कळवा. आमचे बाबा दोन दिवस जेवले नाहीत."

ठवकर हसले. मीही हसले. पण हातातला कॅमेरा मी खाली ठेवला नाही.

ही २०१३ सालची गोष्ट. ऑगस्टमधला शनिवार होता. मी तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात, जंगलालगतच्या एका धर्मादाय दवाखान्याची लॅब सांभाळत होते. आमचा दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप दुरुस्तीसाठी नागपूरला दिला होता. तो घ्यायला मी आदल्या रात्री येऊन कुमुदताईंकडे उतरले होते. दुरुस्तीवाल्याने दुपारी दोनला बोलावलं होतं, म्हणून सकाळी सीताबर्डीवर कॅमेरा घ्यायला आलो.

कॅमेऱ्याचं माझ्या मनात दोन वर्षं होतं. मला लग्नं किंवा वाघ टिपायचे नव्हते. रोजचंच टिपायचं होतं. आठ वर्षांची माझी मुलगी वेणी घालताना कशी तोंड वेडंवाकडं करते ते, बुधवारच्या बाजारातल्या मडक्यांच्या उतरंडी, लॅबच्या खिडकीत येणारा कोतवाल पक्षी. लेन्स बदलता येणारा, पण नवशिक्याला पेलेल असा सगळ्यात खालच्या मॉडेलचा कॅमेरा मला हवा होता. वहीत मी तक्ता केला होता: वजन, सेन्सरचा आकार, कमी उजेडात किती दाणेदार दिसतं, सोबतची लेन्स कशी. लेन्सने रेघा वाकतात हे मी वाचलं होतं, म्हणून आलेखाचा कागद. पण लेन्सने वाकल्या तर कडेच्या वाकतात. इथे कडा ठीक होत्या.

"फोटो काढून पाहा न," ठवकर म्हणाले.

मी बटण दाबलं. मागच्या पडद्यावर फोटो आला. सगळ्या रेघा सरळ होत्या.

"हे पाहा. आला न सरळ?"

"फोटो सरळ आहे. पण या पाहायच्या काचेतून वाकडं दिसतंय. म्हणजे दोष आतल्या आरशात असणार."

"तिन्हीच्या? आणि हा तिसरा तर दुसऱ्या कंपनीचा आहे."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या डोळ्याला लावला, काचेजवळची छोटी चकती फिरवली. "ही चश्म्याच्या नंबरासाठी असते. फिरवून पाहा." मी फिरवली. रेघा पुसट झाल्या, ठळक झाल्या. वाकलेल्या वाकलेल्याच राहिल्या.

"मला सरळ दिसतंय, मॅडम."

"द्या बरं इकडे," कुमुदताई उठल्या. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बराच वेळ गंभीर चेहऱ्याने उभ्या राहिल्या. "मला तर सगळं काळंच दिसून राहिलं."

"ताई, तुम्ही झाकण लावलं."

"मी नाही लावलं. ते होतंच."

दोघांचं ते चाललं असताना मी माझ्याशी हिशोब मांडत होते. तीन उपकरणं, दोन कंपन्या, तोच दोष, त्याच जागी. कडेला नाही, बरोबर मध्ये. ठवकरांना दिसत नाही. तिन्हींत बदललेलं काय नाही? कागद बदललेला नाही, पण कागद फोटोत सरळ आहे.

मग एकच गोष्ट उरत होती.

कुमुदताईंकडून कॅमेरा घेऊन मी तो डाव्या डोळ्याला लावला. नाक मध्ये आलं, हात अवघडला. रेघा सरळ होत्या. सगळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी पुन्हा उजव्या डोळ्याला लावला. वाकल्या.

कॅमेरा तसाच डोळ्याशी धरून मी उभी राहिले. तो खाली घेतला असता तर चेहरा दिसला असता.  कॅमेरा न हलवता मी डावा डोळा उघडला आणि ठवकरांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. मग कॅमेरा किंचित खाली सरकवून, डावा डोळा मिटून, नुसत्या उजव्याने तेच घड्याळ पाहिलं. काटे होते, पण मधोमध, जिथे ते एकमेकांना मिळतात, तिथे राखाडी बोट टेकवल्यासारखा डाग होता. घड्याळही जरा लहान दिसलं.

"काय मग?" ठवकरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आता सरळ दिसतंय. मीच नीट धरला नव्हता."

"पाहा! म्हटलं न मी?" कुमुदताईंना फारच आनंद झाला. "तीन डबे उघडायला लावले त्या बिचाऱ्याला. आता घे यातला एक आणि चल. भूक लागली."

मी खोटं का बोलले, हे मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या पोटापाण्याचं सगळं या एका डोळ्यात होतं. लॅबमधल्या मुली डोळा आला तरी मला दाखवायच्या, आणि मी त्यांना म्हणायची, डोळा सांभाळा, हात तुटला तरी चालेल. डाग कसला असेल याच्या चार शक्यता मला सुचल्या, त्यातल्या तीन बऱ्या न होणाऱ्या होत्या. कोणाला सांगितलं की ती गोष्ट खरी होणार होती. म्हणून मी कॅमेरा निवडत राहिले. वजन विचारलं. बॅटरी किती फोटो जाते ते विचारलं. ऐकलेलं वहीत लिहिलंसुद्धा. ते पान अजून आहे, अक्षर नेहमीसारखंच आहे.

"आता फोकस कसा करायचा, दाखवतो," ठवकर म्हणाले. "यात पाहा. बटण अर्धं दाबलं की मधोमध एक बारीक लाल टिंब लागते. ज्याच्यावर टिंब, तेच साफ येणार. कुमुदताईंच्या कुंकवावर धरा."

मी उजव्या डोळ्याने पाहिलं. बटण अर्धं दाबलं. टिक् असा आवाज आला.

"लागलं टिंब?"

टिंब दिसलं नाही. कुमुदताईंच्या कपाळावर राखाडी बोट होतं आणि त्यांचं कुंकूही त्याखाली गेलं होतं.

"लागलं का, मॅडम?"

मलेरियाचा जंतू मायक्रोस्कोपखाली असाच दिसतो. तांबड्या पेशीत निळसर कडी आणि तिच्यावर बारीक लाल टिंब. हजार पट मोठं केल्यावरही ते टिंब सुईच्या टोकाएवढंच असतं. दोन नळ्यांचा मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, मी एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपवर रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा पाहत होते. उजव्या डोळ्याने. गेल्या काही दिवसांत मध्ये जरा अंधुक वाटत होतं. मी भिंग पुसलं होतं. आरसा पुसला होता. दिवा वाढवला होता. रंग जुना झाला म्हणून नवा केला होता. रक्ताच्या पेशी गोल असतात. मायक्रोस्कोपमध्ये सरळ रेघ कुठेच नसते, वाकली की कळायला.

"कुमुदताई, मी जरा बाहेर उभी राहते," मी म्हटलं.

"का गं? चक्कर आली का? तरी म्हटलं होतं, सकाळी नुसत्या चहावर निघू नको."

त्या मला हाताला धरून पायऱ्या उतरवून घेऊन गेल्या. समोर उसाचा रस मिळत होता. त्यांनी दोन ग्लास सांगितले. माझ्या हातात मोबाईल होता, डॉ. उईकेंचा नंबर काढून ठेवलेला. डॉ. उईके म्हणजे आमच्या दवाखान्याचे प्रमुख. त्या पावसाळ्यात झटपट तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या, पुढचा साठा आला नव्हता. ताप घेऊन आलेल्या माणसाला मलेरिया आहे की नाही, हे फक्त माझी काच सांगत होती. मी "नाही" लिहिलं की ते माणसाला तापाची गोळी देऊन घरी पाठवत.

बटण दाबलं की मला म्हणावं लागणार होतं: मी लिहिलेलं एकही "नाही" धरू नका.

"रस घे न. गरम होऊन राहिला," कुमुदताई म्हणाल्या.

मी रस प्यायले. ग्लास परत दिला. त्यांनी शेजारच्या दुकानात लटकलेल्या ओढण्यांचा भाव विचारला, मी त्यांच्यामागे उभी राहिले. हिरवी की मोरपंखी असं त्यांनी विचारलं, मी मोरपंखी म्हटलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"सरोज, तू रडून राहिली का?"

"नाही. एक फोन करते."

मोबाईलवर बारा पन्नास झाले होते.

"बोला सरोजताई," डॉ. उईके म्हणाले. "मिळाला का मायक्रोस्कोप?"

"सर, माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी झालंय. मध्ये दिसत नाही. मी तीन आठवडे त्याच डोळ्याने काचा पाहतेय."

 पलीकडे त्यांनी खुर्ची सरकवली.

"कधीपासून दिसत नाही?"

"सांगता येत नाही. आठ दिवस असेल. जास्तही असेल."

"आणि तुम्हाला कळलं केव्हा?"

"आत्ताच," मी म्हटलं. "आत्ता, कॅमेरा पाहताना."

"बरं. घाबरू नका. या आठवड्याच्या काचा आहेत न? मी स्वतः पाहतो. ज्यांच्यात निघेल, त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत गाडी जाईल."

तेव्हा मला शनिवार आठवला.

आमच्याकडे नव्या काचांचा नेहमी तुटवडा असायचा. म्हणून जंतू न आढळलेल्या काचा आठवडाभर ठेवायच्या आणि शनिवारी धुऊन पुन्हा वापरायच्या, ही पद्धत होती. ती मीच लावली होती. हे काम शेवंताबाई करायच्या, साडेबाराला ओपीडी आटोपल्यावर. मी निघताना त्यांना बजावून आले होते: मी नाही म्हणून टाळू नका, सोमवारी मला स्वच्छ काचा हव्यात.

"सर, शेवंताबाईंना थांबवा. काचा धुऊ देऊ नका."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. कुमुदताई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, त्यांच्या हातात मोरपंखी ओढणी तशीच होती. पावलं परत आली. जाताना ती पळत गेली होती, येताना चालत आली.

"वीस मिनिटांपूर्वीच साबणाच्या पाण्यात टाकल्या म्हणतात," डॉ. उईके म्हणाले. "पुसून वाळत घालत होत्या. सात काचा रॅकवर राहिल्यात, गुरुवार-शुक्रवारच्या. त्या मी पाहतो. तुम्ही मायक्रोस्कोप घेऊन निघा."

कॅमेरा काउंटरवरच राहिला. ठवकरांनी भिंतीवरचा कागद काढून, नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तब्येत सांभाळा, कॅमेरा कुठे पळून जात नाही." दोनला मी मायक्रोस्कोप घेतला आणि मिळेल त्या बसने निघाले. साडेपाच तास तो खोका मांडीवर होता. रस्ताभर मी एक डोळा मिटून विजेचे खांब पाहत होते, मग दुसरा.

सातपैकी दोन काचांवर जंतू निघाले. एक सुनंदा हलामी, आठव्या महिन्यातली. तिला त्याच संध्याकाळी जीपने आणलं, आणि ती वाचली. बाळही वाचलं. दुसरा एक शाळकरी मुलगा होता, तो आठवड्यात बरा झाला.

धुतलेल्या काचा अडतीस होत्या. अडतीस नावं रजिस्टरमध्ये होती, गाव होतं, तारीख होती. पण त्यातला कोण, ते आता कशावरूनच कळणार नव्हतं. काचा असत्या तर डॉ. उईकेंनी त्या दुपारी चारपर्यंत संपवल्या असत्या, आणि गाडी नेमक्या घरासमोर उभी राहिली असती. आता सगळीकडे जायचं होतं, म्हणून रस्ता जसा जातो तसे आम्ही गेलो. रविवारी चार गावं. सोमवारी तीन. नाल्याला पाणी होतं, दोन ठिकाणी पायी. रक्त घ्यायचं, ताप असेल तर तिथेच गोळ्या सुरू करायच्या. आणखी पाच जण निघाले. पाचही बरे झाले. प्रत्येक दाराशी, आतून माणूस चालत बाहेर येईपर्यंत, मी यादीतल्या नावावर बोट ठेवून उभी असायची.

मंगळवारी सकाळी आम्ही शेवटच्या गावात पोचलो. यादीत त्या गावचं एकच नाव होतं. दिवाकर मडावी, वय एकोणीस. मी त्याचा रिपोर्ट आदल्या मंगळवारी दिला होता.

अंगणात माणसं बसलेली होती.  डॉ. उईकेंनी चपला काढल्या आणि ते पुढे झाले. मी जीपशी थांबले, मग मीही गेले.

दिवाकर रविवारी पहाटे गेला होता.

त्याची आई, सोमीबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिला मराठी थोडंफार समजायचं, पण बोलायची ती गोंडीच. डॉ. उईके गोंडीत विचारत होते आणि मला हळू आवाजात सांगत होते. शुक्रवारी ताप पुन्हा चढला. शनिवारी रात्री बडबडायला लागला. मग हातपाय ताठ झाले. खाटेवर घालून न्यायचं ठरवलं, पण नाल्याला पाणी होतं.

मग तिने घरात जाऊन प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यातून एक घडीचा कागद काढून माझ्याकडे दिला आणि काहीतरी म्हणाली.

"म्हणते, दवाखान्यात दाखवलं होतं," डॉ. उईके म्हणाले. "मुलाने सांगितलं, रिपोर्ट चांगला आहे. कागदावर काय आहे, ते वाचून दाखवा म्हणते."

माझंच अक्षर होतं. मी वाचलं. दिवाकर सोमा मडावी. वय एकोणीस. मलेरियाचे जंतू आढळले नाहीत. खाली माझी सही.

तिने मान हलवली. तिला पटलं होतं.

"हे खरं नसेल," मी म्हटलं. "हे मी लिहिलंय. माझ्या डोळ्यात दोष आला होता आणि मला तो कळला नव्हता. जंतू असेल तरी मला दिसला नसेल. ती काच धुतली गेली, आता परत पाहता येणार नाही. होता की नव्हता, मी कधीच सांगू शकणार नाही."

डॉ. उईकेंनी ते सगळं तिला सांगितलं. मी बोलले त्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. अंगणातला एक म्हातारा उठून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. सोमीबाई माझ्याकडे पाहत होती. मग तिने एक प्रश्न विचारला, अगदी छोटा.

"विचारते, तुम्हाला केव्हा कळलं."

"शनिवारी," मी म्हटलं.

हे तिला गोंडीत न सांगताच कळलं. ती म्हाताऱ्याकडे वळून बोलली, आणि डॉ. उईकेंनी नेहमीच्या सवयीने तेही मला सांगितलं. "म्हणते, शनिवारी दुपारी तो उठून बसला होता. पेज मागितली त्याने."

कागद माझ्या हातात होता. किती वाजता, ते तिने विचारलं नव्हतं. तिच्या घरात घड्याळ नव्हतं. डॉ. उईकेंनी विचारलं होतं, आणि मी त्यांना उत्तर दिलेलं होतं. ते त्यांनी दवाखान्याच्या वहीत लिहिलंही होतं: बारा पन्नास.

"बारा वाजून दहा मिनिटांनी," मी म्हटलं. "कळल्यावर मी चाळीस मिनिटं फोन केला नाही. मला भीती वाटली. तेवढ्यात काचा धुतल्या गेल्या."

 डॉ. उईके माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी चष्मा काढला, हातातच धरला.

मग ते सोमीबाईसमोर उकिडवे बसले आणि मी बोललेलं सगळं त्यांनी तिला गोंडीत सांगितलं.